सागरी रस्त्याने, भरती-ओहोटीच्या वेळा पाहून

कोकणात गाडीने जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो "काय काय बघायचं?" हा. मग कागदावर हरिहरेश्वर, दिवेआगर, जंजिरा, आंजर्ले, गणपतीपुळे, मालवण अशी यादी उतरते आणि चार दिवसांच्या सुट्टीत ती बसवायची धडपड सुरू होते. सहल दमवणारी ठरते ती इथेच, गाडी अजून दारात उभी असताना. विश्रांतीसाठी जायचं असेल तर क्रम उलटा लावावा. आधी मुक्काम कुठे आणि किती रात्री ते ठरवावं, मग रोज गाडीत किती तास बसायचं ते, आणि काय बघायचं हे सगळ्यात शेवटी. हे प्रत्यक्षात कसं करायचं ते एकाच रस्त्यावर दाखवतो. रस्ता आहे हरिहरेश्वर ते गुहागर, किनाऱ्याकिनाऱ्याने, मधल्या दोन खाड्या जंगरवरून, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीवरून, ओलांडत.

रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग कोकणच्या नकाशावर आहे. मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या काळापासून त्याचं नाव घेतलं जातं. नकाशात तो एका सलग रेघेसारखा दिसतो, पण सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या समुद्राला मिळतात तिथे तो पाण्यापाशी येऊन थांबतो. पलीकडे जायला एक तर आत महामार्गापर्यंत जाऊन मोठा वळसा घालायचा, नाही तर गाडीसकट जंगरवर चढायचं. दाभोळहून समोरच्या धोपाव्याला जंगर काही मिनिटांत पोचवते. तेच रस्त्याने जायचं म्हटलं तर दापोली, खेड, चिपळूण करत शंभराहून जास्त किलोमीटर पडतात. दाभोळ-धोपावे जंगर 2003 साली सुरू झाली. त्यानंतर इतर खाड्यांवरही अशा जंगरी आल्या आणि किनारा न सोडता दक्षिणेकडे जाणं सामान्य प्रवाशाला जमू लागलं.

या रस्त्याचा वेग आधी नीट समजून घ्यायला हवा. गावातून जाणारा अरुंद डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, समोरून एसटी आली की एकाने मागे घ्यायचं, आणि दर थोड्या वेळाने घाटी चढून सड्यावर, मग पुन्हा उतरून वाडीत. इथे ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या वर सरासरी पडत नाही. मोबाइलचा नकाशा जेवढा वेळ दाखवतो त्याची दीडपट धरावी. माझा हिशेब साधा आहे. किनारी रस्त्यावर दिवसाला गाडीत चार तासांपेक्षा जास्त बसायचं नाही, आणि दिवेलागणीच्या आत मुक्कामी पोचायचं. एवढं पाळलं तर शंभर किलोमीटरसुद्धा भरपूर होतात. आणि जिथे राहायचं तिथे दोन रात्री. एका रात्रीच्या मुक्कामात माणूस फक्त बॅगा उघडतो आणि भरतो. मधला एक अख्खा दिवस गाडीची किल्ली खिळ्याला अडकवलेली असली पाहिजे.

आता तारखा. बहुतेक जण सुट्टी बघून तारीख ठरवतात आणि तिथे जाऊन समुद्र ज्या अवस्थेत असेल तसा बघतात. पण या रस्त्यावर निम्म्याहून जास्त गोष्टी पाण्याच्या पातळीवर अवलंबून आहेत, म्हणून शक्य असेल तर तिथी बघून निघावं. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून तोंडी काढतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि हे चक्र दिवसातून दोनदा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पाऊणपटीच्या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा नक्की वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहावं किंवा बंदरावरच्या माणसाला विचारावं. पण घरी बसून सहल आखायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा पाणी जास्त चढतं आणि तितकंच खाली जातं. ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला चढउतार कमी असतो, त्याला भांग म्हणतात.

हा हिशेब हातात ठेवून मी शुद्ध एकादशीला निघायचं सुचवेन.

एकादशीला पुण्याहून पहाटे फटफटताना निघून ताम्हिणी घाटाने माणगाव, पुढे म्हसळा, श्रीवर्धन करत हरिहरेश्वर. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, थांबत गेलं तरी दुपारच्या जेवणाला पोचता येतं. मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो धरावी. 2020 सालापासून ती गाड्या नेते, पलीकडे जायला तासाभराचा वेळ लागतो आणि वडखळची रांग टळते. तिकीट मात्र आधी काढून ठेवावं. मांडव्याहून पुढे दिवस बराच जातो, म्हणून त्यांनी त्या दिवशी वाटेत काहीही बघायचं ठेवू नये. हा एक दिवस लांबचा आहे आणि तो तसाच राहणार.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. नवाच्या सुमारास भरती, दुपारी तीनला ओहोटी. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग देवळामागच्या डोंगराला वळसा घालून पायऱ्यांनी थेट समुद्रालगतच्या खडकावर उतरतो. लाटांनी कोरून काढलेले तिथले कातळ, जाळीसारखी पडलेली भोकं, ताशीव भिंती हे सगळं ओहोटीलाच बघता येतं. भरतीच्या वेळी हीच वाट जिवावर बेतते. या खडकांवरून माणसं ओढली गेलेली आहेत, आणि दर मोसमात स्थानिक लोक पर्यटकांना हात जोडून थांबवत असतात. ते नको म्हणाले तर हिशेब काहीही सांगत असो, परत फिरावं. द्वादशीला पाणी दुपारभर ओसरत जातं, म्हणून दोनला उतरून तीनच्या आत प्रदक्षिणा शांतपणे पुरी होते. पाणी फिरलं की वर यायचं. सकाळी दिवेआगर-श्रीवर्धन हा समुद्राला खेटून जाणारा रस्ता एकदा सावकाश करून यावं, तेवढंच. जंजिरा या खेपेला सोडून द्यावा. होडीची वाट बघण्यात आणि येण्या-जाण्यात तो सबंध दिवस खातो, त्याच्यासाठी वेगळी खेप करावी.

त्रयोदशीला मुक्काम हलवायचा. हरिहरेश्वरहून जवळच बागमांडल्याचा धक्का आहे, पलीकडे वेश्वी. मधली सावित्रीची खाडी म्हणजे रायगड आणि रत्नागिरी या जिल्ह्यांची हद्द. पहिल्यांदा जंगरवर गाडी घालणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, म्हणून हे जरा बारकाईने सांगतो.

धक्क्यावर आधी तिकीट घ्यायचं, गाडीचं वेगळं आणि माणसांचं वेगळं. सुटे पैसे खिशात असू द्यावेत, कारण खाडीच्या काठावर मोबाइलला रेंज कधी असते, कधी नसते. जंगर म्हणजे सपाट बुडाची, रुंद, उघड्या डेकची लोखंडी बोट. ती किनाऱ्याला तोंड लावते आणि पुढची लोखंडी फळी साखळ्यांनी उतारावर टेकवते. आतल्या गाड्या बाहेर पडल्या की खलाशी हात करतो. चालकाखेरीज बाकीच्यांनी आधीच उतरून चालत चढावं, गाडी हलकी होते आणि चालकाला मागचं नीट दिसतं. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धवट न दाबता, एका लयीत फळीवर चढायचं. मध्येच थबकलं तर चाकं ओल्या लोखंडावर घसरतात. आत गेल्यावर खलाशी सांगेल तिथे आणि सांगेल तितकं जवळ गाडी लावायची, इंजिन बंद, हँडब्रेक वर, गाडी गिअरमध्ये. मग दार उघडून बाहेर या आणि कठड्याला उभे राहा. पाण्याची पातळी इथेही महत्त्वाची असते. भरतीच्या आसपास डेक आणि धक्का जवळजवळ एका पातळीत येतात. पूर्ण ओहोटीला फळीचा उतार तीव्र होतो आणि बुटक्या गाड्यांचा पुढचा बंपर घासतो. त्रयोदशीला भरती पावणेदहाच्या सुमारास, म्हणून नाश्ता करून निघालं की बरोबर वेळ साधते. रविवारी संध्याकाळी परतणाऱ्यांची रांग लागते. ती वेळ शक्यतो टाळावी, आणि पावसाळ्यात किंवा वारा असताना जंगर चालू आहे का ते फोन करून विचारल्याशिवाय धक्क्यावर जाऊच नये.

वेश्वीच्या वर बाणकोटचा किल्ला आहे, खाडीचं मुख तिथून पूर्ण दिसतं. त्याच अंगाला वेळास, ऑलिव्ह रिडले कासवांचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथे कासवांच्या घरट्यांचं रक्षण सुरू केलं आणि गावाने ते काम आपलं मानलं. पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ आणि गावातल्याच घरात मुक्काम. हिवाळ्यात जाणाऱ्याला ती दिसणार नाहीत, म्हणून त्या आशेने वाट वाकडी करू नये.

पुढचा मुक्काम दापोलीजवळच्या मुरुडला किंवा शेजारच्या आंजर्ल्याला. इथे एक सावधगिरी. मुरुड दोन आहेत. जंजिऱ्याचं मुरुड रायगडात, आणि महर्षी कर्व्यांचं मुरुड दापोली तालुक्यात. खोली ठरवताना आणि नकाशात नाव टाकताना तालुका तपासावा. मध्ये खाड्या आहेत, चूक लक्षात येईपर्यंत दिवस मावळलेला असतो. वेश्वी ते मुरुड हे अंतर नकाशात किरकोळ वाटतं, पण केळशी, आंजर्ले असं आतबाहेर करत जाणाऱ्या या टप्प्याला अडीच-तीन तास धरावेत. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपाशी थांबावं. देवळाच्या आवारातून खाली माडांची बनं, खाडी आणि लांबवर सुवर्णदुर्ग दिसतो.

चतुर्दशी हा किल्ली खिळ्यावर ठेवण्याचा दिवस. सकाळी वाळूवरून चालत लांब जावं, दुपारी झोपावं. उतरत्या उन्हात हर्णै बंदरात मासळीचा लिलाव असतो. होड्यांतून माल किनाऱ्यावर येतो, टोपल्यांभोवती बायका गोल करून बसतात आणि बोली बघता बघता चढते. घ्यायचं नसलं तरी वाट न अडवता बाजूला उभं राहून बघावं. पन्हाळेकाजीची 29 लेणी जवळ आहेत, आणि ज्याला खरोखर लेण्यांची ओढ आहे त्याने जरूर जावं. बाकीच्यांनी "आलोच आहोत तर" म्हणून जाऊ नये. या तीन शब्दांनी अनेक निवांत दिवस वाया गेलेले मी पाहिले आहेत.

पौर्णिमेला दाभोळ. धक्क्याच्या जवळच आदिलशाही काळातली मशीद आहे. तिच्या पायऱ्यांवर दहा मिनिटं घालवली तर हे गाव एके काळी केवढं मोठं बंदर होतं याचा अंदाज येतो. भरती साडेअकरा-बाराच्या आसपास, तेव्हाच जंगर धरून धोपाव्याला उतरावं. तिथून गुहागर जवळ आहे. गावात व्याडेश्वर, मागे लांबच लांब वाळू आणि सुरूची बनं. पौर्णिमेच्या रात्री या किनाऱ्यावर जेवणानंतर नुसतं बसावं. कार्तिकी पौर्णिमा साधली तर शंकराच्या देवळांतून त्रिपुर पाजळलेला बघायला मिळेल, आणि दिवाळीच्या सुट्टीची गर्दीही तोवर ओसरत आलेली असते.

प्रतिपदेला हेदवी. इथे उलट भरती हवी, तीही उधाणाची. हेदवीच्या किनाऱ्यालगतच्या कातळात बामणघळ नावाची अरुंद, खोल चीर आहे. भरतीची लाट तिच्यात घुसते, आत कोंडते आणि वर उसळून फवाऱ्यासारखी उडते. प्रतिपदेला भरती पाऊणच्या आसपास, पौर्णिमेचं उधाण अजून ओसरलेलं नाही, त्यामुळे बारा वाजता तिथे पोचावं. वारा पडलेला असेल आणि समुद्र शांत असेल तर उसळी कमी दिसेल, ते समुद्रावर सोडावं. घळीच्या काठापर्यंत मात्र जाऊ नये. ओला कातळ शेवाळाने निसरडा असतो आणि मोठी लाट सांगून येत नाही. वर दशभुज गणपतीचं दर्शन घेऊन गुहागरला परत. दुसऱ्या दिवशी चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड असं पुण्याला, किंवा चिपळूणहून महामार्गाने मुंबईला.

सहा रात्री, तीन मुक्काम. गणपतीपुळे, मालवण या यादीत नाहीत. तवसाळ-जयगड जंगर धरली तर गणपतीपुळे इथून फार लांब नाही, मोह होतो. पण त्याला आणखी दोन रात्री हव्यात. रजा असेल तर घाला, नसेल तर मधल्या दिवसांतून काढू नका.

राहायला शक्यतो घरगुती सोय बघावी. किनाऱ्यावरच्या गावांत "घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय" अशा पाट्या दारोदार आहेत. इथे जेवण माणसं मोजून रांधलं जातं. किती जण, शाकाहारी किती, मासे कोणाला, हे आदल्या दिवशी सांगावं. उकडीचे मोदक हवे असतील तर निदान सकाळी तरी सांगायलाच हवं, कारण पिठी, नारळ, गूळ सगळं त्या माउलीला जुळवायचं असतं. पोचायला उशीर होणार असेल तर वाटेतून फोन करावा, ताटं वाढायच्या बेतात ती माणसं तुमच्यासाठी थांबलेली असतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीचा हट्ट धरू नये. वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं आणि सोलकढी यांच्यावरही उत्तम जेवण होतं. गणपती आणि शिमगा या दिवसांत मात्र कोकणातली घरं आपल्या माणसांनी भरलेली असतात आणि महामार्ग चाकरमान्यांच्या गाड्यांनी. त्या काळात निवांतपणा शोधायला जाऊ नये. डिसेंबरचा शेवटचा आठवडाही टाळावा.

गाडीबद्दल थोडक्यात. टायरमधली हवा, स्टेपनीतली हवा, ब्रेक, कूलंट आणि वायपर निघण्याच्या आठवडाभर आधी तपासून घ्यावेत, म्हणजे काही निघालं तर दुरुस्तीला वेळ मिळतो. पेट्रोल तालुक्याच्या गावी भरून घ्यावं. किनाऱ्यावर टाकी अर्धी झाली की रिकामी झाली असंच समजावं. नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, नुसत्या ब्रेकवर उतरलं की ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरेनासे होतात. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. गाडी वाळूवर उतरवायची नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. ओली वाळू वरून टणक वाटते, चाक एकदा रुतलं की भरती यायच्या आत ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं, आणि खाऱ्या पाण्याने गाडीचं व्हायचं ते नुकसान होतंच. शिवाय त्याच वाळूत कासवं अंडी घालतात.

आणि रात्रीचं निघणं सोडा. "रात्री जेवून निघू, सकाळी पोचू, एक दिवस वाचेल" हा हिशेब घराघरांत मांडला जातो. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर झोप मागतं, चहाने ती जात नाही, फक्त थोडी लांबते. वाचवलेला दिवस दुसऱ्या दिवशी दुपारी झोपण्यात जातो तो जातोच. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवावं, निघताना पोट रिकामंही नको आणि भरगच्चही नको. आल्याची वडी जवळ ठेवावी. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर दर दीड तासाला थांबायचं हे आधीच वेळेत धरावं, म्हणजे कोणाला "थांबा" म्हणायचा संकोच वाटत नाही.

राज्य रस्ते विकास महामंडळाने या खाड्यांवर पूल बांधण्याचं काम हाती घेतलं आहे. किनाऱ्यावरच्या माणसांना दवाखान्यात, कॉलेजात, बाजारात जायला ते हवेतच. पूल झाल्यावर हा रस्ता वेगवान होईल आणि जंगरी राहतील की नाही कोण जाणे. तेव्हा येत्या हिवाळ्यातली एखादी शुद्ध एकादशी आजच कॅलेंडरवर पाहून ठेवा आणि रजेचा अर्ज त्या हिशेबाने टाका.